उपनगरातील रोजगार, उत्पन्न आणि दारिद्र्य : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एखाद्या उपनगराचा बेरोजगारीचा दर, मध्यक उत्पन्न (म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणाऱ्या घराचे उत्पन्न) आणि दारिद्र्याचे प्रमाण हे तीन आकडे बहुतेक वेळा एकाच परिच्छेदात, एकाखाली एक दिलेले असतात. त्यामुळे ते एकाच मापाने मोजले आहेत असा समज होतो. प्रत्यक्षात पहिला आकडा माणसांचा असतो, दुसरा घरांचा, आणि तिसरा एका कागदावर ठरवलेल्या रेषेचा. शिवाय तिन्ही आकडे लोक जिथे झोपायला येतात त्या जागेचे असतात. ते जिथे राबतात त्या जागेचे नसतात. विद्यार्थी, वार्ताहर आणि वस्तीपातळीवर काम करणारे कार्यकर्ते जे प्रश्न सतत पाठवतात, त्यांतील बहुतेकांचे मूळ या गफलतीत सापडते. सोपे प्रश्न आधी घेतले आहेत, अडचणीचे नंतर.

१. उपनगर म्हणजे नेमके काय धरायचे? त्याची सरकारी व्याख्या आहे का?

बहुतेक देशांत नाही. अमेरिकेचे जनगणना कार्यालय महानगर क्षेत्रांची आणि त्यांतील मुख्य शहरांची आकडेवारी देते, परंतु ‘उपनगर’ असा अधिकृत वर्ग ठेवत नाही. महानगर क्षेत्रातून मुख्य शहर वजा केल्यावर जे उरते त्याला संशोधक उपनगर म्हणतात, एवढेच. भारताच्या जनगणनेतही हा शब्द वर्ग म्हणून येत नाही. तिथे ‘जनगणना शहर’ आणि ‘नागरी वाढ’ (शहराला लागून वाढलेला भाग) असे शब्द आहेत. जनगणना शहर ठरण्यासाठी किमान ५,००० लोकसंख्या, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसांची घनता आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात, अशा तीन अटी आहेत. अशी ठिकाणे २००१ मध्ये १,३६२ होती, ती २०११ मध्ये ३,८९४ झाली. यांचा कारभार ग्रामपंचायतीकडे असतो आणि गणना मात्र शहरांत होते. म्हणूनच कोणताही आकडा वाचण्यापूर्वी हद्द कुठे आखली आहे ते पाहावे. हद्द बदलली की आकडा बदलतो, आणि त्यासाठी एकाही माणसाची परिस्थिती बदलावी लागत नाही.

२. एखादी व्यक्ती ‘रोजगारात’ आहे असे केव्हा मानतात?

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या मापदंडानुसार, संदर्भ आठवड्यात (म्हणजे सर्वेक्षण ज्या आठवड्याबद्दल विचारते त्यात) मोबदल्यासाठी किंवा नफ्यासाठी किमान एक तास काम केलेली व्यक्ती रोजगारात मोडते. वाचकांना हा एक तास नेहमीच खटकतो, आणि खटकण्याजोगा तो आहेच. परंतु त्यामागे तर्क आहे : देशातील एकूण उत्पादनाचा हिशेब लावताना कोणाचेही काम सुटू नये, म्हणून उंबरठा इतका खाली ठेवलेला आहे. ते काम पुरेसे आहे की नाही हा वेगळा प्रश्न असून त्यासाठी अपुऱ्या रोजगाराची स्वतंत्र मोजणी होते.

बेरोजगार ठरण्यासाठी तीन अटी एकत्र पूर्ण व्हाव्या लागतात : काम नसणे, अलीकडच्या काळात (सामान्यतः गेल्या चार आठवड्यांत) काम शोधलेले असणे, आणि मिळाल्यास करायला मोकळे असणे. रोजगारातील आणि बेरोजगार मिळून श्रमशक्ती होते. उरलेले, म्हणजे शिकणारे, निवृत्त झालेले, घर सांभाळणारे आणि शोधून थकलेले, हे सगळे श्रमशक्तीबाहेर जातात.

भारतातील नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षण, जे २०१७ पासून चालू आहे, दोन मापे वापरते. चालू साप्ताहिक स्थितीत गेल्या ७ दिवसांत किमान एक तास काम केलेले असले तरी पुरते. नेहमीच्या स्थितीत गेल्या ३६५ दिवसांचा विचार होतो, आणि त्यात ३० दिवसांचे दुय्यम कामही जमेस धरले जाते. दोन्हींतून बेरोजगारीचे दोन वेगवेगळे दर निघतात. त्यांपैकी एक खरा आणि दुसरा खोटा, असे नसते.

३. आमच्या उपनगरात बेरोजगारी फार कमी आहे. म्हणजे बहुतेकांना काम आहे ना?

तसे म्हणता येणार नाही. बेरोजगारीचा दर सगळ्या प्रौढांच्या प्रमाणात काढत नाहीत, तो फक्त श्रमशक्तीच्या प्रमाणात काढतात. समजा एका वस्तीत १,००० प्रौढ आहेत. त्यांपैकी ५७० कामावर आणि ३० काम शोधत आहेत. श्रमशक्ती ६०० झाली आणि दर ५ टक्के आला. आता त्या ३० पैकी २० जणांनी कंटाळून शोध सोडला. श्रमशक्ती ५८० वर आली, बेरोजगार १० उरले, आणि दर १.७ टक्क्यांवर घसरला. एकालाही नोकरी लागलेली नाही, तरी बातमीत सुधारणा झाली.

म्हणून बेरोजगारीच्या दरासोबत रोजगारातील लोकांचे एकूण प्रौढांशी असलेले प्रमाण नेहमी मागावे. वरच्या उदाहरणात ते आधीही ५७ टक्के होते आणि नंतरही ५७ टक्केच राहिले. उपनगरांच्या बाबतीत हे प्रमाण विशेष बोलके असते, कारण नोकरीची ठिकाणे दूर असली, जाण्यायेण्यात तीन-चार तास जात असले आणि लहान मुले सांभाळायला घरात कोणी नसले, तर ‘काम शोधत आहात का’ या प्रश्नाला बायका प्रामाणिकपणे ‘नाही’ असे उत्तर देतात. त्या उत्तरामागे इच्छेचा अभाव असतोच असे नाही.

४. घरी बसून शिवणकाम करणारी बाई कोणत्या रकान्यात जाते?

नियमानुसार ती रोजगारात आहे; प्रत्यक्षात ती रकान्यात पोहोचेलच याची खात्री नाही. प्रगणक दारात उभा राहून विचारतो, “तुम्ही काय काम करता?” आतून उत्तर येते, “मी काही नाही करत, घरीच असते.” तिच्या मागे शिवणयंत्र असते, खाटेवर कापलेल्या बाह्यांचा गठ्ठा असतो आणि संध्याकाळपर्यंत तो शिवून द्यायचा असतो. प्रश्न तिथेच संपला तर ती श्रमशक्तीबाहेर जाते. “गेल्या सात दिवसांत कोणाचे कपडे शिवून दिले का, त्याचे पैसे मिळाले का?” असा दुसरा प्रश्न विचारला तर ती रोजगारात येते. चांगल्या सर्वेक्षणाची कसोटी या दुसऱ्या प्रश्नात असते, आणि माझ्या मते नमुना किती मोठा होता यापेक्षा तो प्रश्न विचारला गेला की नाही हे आधी पाहायला हवे.

घरच्या दुकानात किंवा कारखान्यात बिनपगारी मदत करणाऱ्यांबाबत तर देशांचे नियमच वेगळे आहेत. अमेरिकेत अशी मदत आठवड्याला किमान १५ तास असेल तरच ती रोजगार मानली जाते. भारतीय सर्वेक्षणात अशी अट नाही. आठवड्याला १० तास गल्ल्यावर बसणारी तीच व्यक्ती एका देशात रोजगारात आणि दुसऱ्या देशात बाहेर जाते. स्वतःच्या घरचा स्वयंपाक, साफसफाई, मुलांची काळजी हे श्रम आहेत हे २०१३ च्या आंतरराष्ट्रीय ठरावाने मान्य केले आहे, परंतु त्यांना रोजगार म्हटलेले नाही.

५. ‘उपनगरातील रोजगार’ म्हणजे तिथे असलेल्या नोकऱ्या की तिथे राहणाऱ्यांच्या नोकऱ्या?

हा प्रश्न विचारणारे कमी असतात आणि तो न विचारल्यामुळे चुकणारे पुष्कळ. घरोघर जाऊन केलेली सर्वेक्षणे राहत्या ठिकाणाची असतात. एखाद्या उपनगरात ‘४० टक्के लोक वित्त आणि माहिती तंत्रज्ञान क्षेत्रात’ असे लिहिलेले असेल, तर त्याचा अर्थ त्या गावात तशी कार्यालये आहेत असा होत नाही. ती माणसे सकाळी गाडी पकडून तिकडे जातात, एवढाच होतो. उलट आस्थापनांच्या, म्हणजे दुकाने, कारखाने आणि कार्यालये यांच्या, गणनेत नोकरी जिथे आहे तिथे मोजली जाते, आणि ती करणारा कुठून येतो हे तीत दिसत नाही.

दोन्ही आकडे हाताशी असतील तर नोकऱ्यांच्या संख्येला तिथे राहणाऱ्या कामकऱ्यांच्या संख्येने भागावे. भागाकार १ पेक्षा बराच कमी आला तर ते मुक्कामाचे उपनगर. १ पेक्षा जास्त आला तर ते स्वतःच रोजगाराचे केंद्र बनलेले आहे. मात्र १ च्या आसपास आला म्हणून हुरळून जाऊ नये. गोदामातल्या नोकऱ्या इथे, त्या करणारे दुसरीकडून येणारे, आणि इथे राहणारे शहरातल्या कार्यालयांत, अशी अदलाबदल असली तरी भागाकार १ च येतो. नोकऱ्या आणि त्या करू शकणारी माणसे यांची जागांच्या दृष्टीने ताटातूट होते, हा विचार अमेरिकेत जॉन केन यांनी १९६८ मध्ये मांडला. तेव्हा नोकऱ्या उपनगरांकडे सरकत होत्या आणि घर देण्यातील भेदभावामुळे कृष्णवर्णीय कामगार मध्यशहरात अडकले होते. दिशा उलटली तरी दुखणे तेच राहते.

६. सरासरी उत्पन्न, मध्यक उत्पन्न, दरडोई उत्पन्न : यांतील कोणते वापरावे?

नऊ घरांची एक गल्ली घेऊ. महिन्याचे उत्पन्न, कोणत्याही चलनाच्या हजारांत, असे आहे : १८, २०, २२, २५, २८, ३०, ३५, ४२ आणि १४०. बेरीज ३६० होते, म्हणून सरासरी ४०. मध्यक म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारे घर. ते २८ चे. नऊपैकी सात घरे सरासरीच्या खाली आहेत. शेवटचे १४० वाले घर सोडून गेले तर सरासरी थेट २७.५ वर येते, मध्यक मात्र २८ वरून २६.५ इतकाच सरकतो. सर्वसाधारण घराची स्थिती सांगायची असेल तर मध्यक वापरावा. एकूण खरेदीशक्ती किंवा कराचा अंदाज हवा असेल तर सरासरी उपयोगी पडते.

दरडोई उत्पन्नात तान्ही मुलेही भाजकात येतात. त्यामुळे तरुण कुटुंबांनी भरलेल्या उपनगराचे घरांचे मध्यक उत्पन्न चांगले आणि दरडोई उत्पन्न बेताचे, असे चित्र अनेकदा दिसते. त्यात विसंगती नाही. घरातील माणसांची संख्या हिशेबात कशी घ्यावी, हे प्रश्न ११ मध्ये पाहावे.

आणखी एक भेद. अमेरिकी तक्त्यांत घराचे उत्पन्न आणि कुटुंबाचे उत्पन्न असे दोन रकाने असतात. कुटुंब म्हणजे नात्याची किमान दोन माणसे. घर म्हणजे एका निवासात राहणारे सगळे, एकटे राहणारेसुद्धा. एकट्याच्या घरात कमावणारा फार तर एक असतो, त्यामुळे कुटुंबांचा मध्यक सहसा घरांच्या मध्यकापेक्षा वर असतो. एका गावाचा एक रकाना आणि दुसऱ्याचा दुसरा घेऊन केलेल्या तुलना मी छापील अहवालांतही पाहिल्या आहेत.

७. दहा वर्षांत आमच्या भागाचे मध्यक उत्पन्न दीडपट झाले. म्हणजे लोक सुधारले ना?

आधी महागाई वजा करावी. ती केल्यावरही वाढ उरली, तर पुढचा प्रश्न विचारावा : ही तीच माणसे आहेत का? प्रश्न ६ मधल्या गल्लीत भाडी वाढली आणि १८, २०, २२ वाली तीन घरे सोडून गेली असे समजू. त्यांच्या जागी ४५, ५० आणि ६० वाली आली. मध्यक २८ वरून ४२ झाला, म्हणजे बरोबर दीडपट. जुन्या रहिवाशांपैकी एकाच्याही मिळकतीत पैशाची वाढ झालेली नाही. आणि जे गेले त्यांचे दारिद्र्य दुसऱ्या कुठल्या तरी, बहुधा आणखी लांबच्या, उपनगराच्या खात्यात जमा झाले. एका भागाच्या दोन वर्षांतील छायाचित्रांवरून माणसांची वाटचाल कळत नाही. त्यासाठी त्याच घरांचा वर्षानुवर्षे मागोवा घेणारी सर्वेक्षणे लागतात.

८. सर्वेक्षणात ‘उत्पन्न’ म्हणून काय काय धरतात? आणि काही ठिकाणी खर्चच का मोजतात?

पगार, धंद्यातील नफा, भाडे, व्याज, निवृत्तिवेतन आणि सरकारकडून मिळणारी रोख मदत हे साधारणपणे धरले जाते. कर वजा करून जे हातात उरते ते खर्चयोग्य उत्पन्न. नियोक्त्याने भरलेला विमा, सवलतीचे धान्य किंवा स्वतःच्या घरात राहण्याचा फायदा धरायचा की नाही, याबाबत प्रत्येक देशाचा रिवाज वेगळा आहे.

जिथे मोठ्या संख्येने लोक रोजंदारीवर, हंगामी कामावर किंवा स्वतःच्या लहान धंद्यावर जगतात, तिथे ‘महिन्याला किती मिळते’ या प्रश्नाला धड उत्तर नसते. फेरीवाल्याला विचारले तर तो आजचा गल्ला सांगेल. त्यातला माल किती आणि कमाई किती हे त्यालाही तोंडी सांगता येत नाही. खर्च मात्र आठवतो. भारतात दारिद्र्याची मोजणी उपभोग खर्चावर आधारलेली आहे त्याचे हे मोठे कारण आहे. म्हणूनच भारतीय आणि युरोपीय दारिद्र्याचे टक्के शेजारी शेजारी ठेवून निष्कर्ष काढू नये; एक खर्चाचे आहेत आणि दुसरे उत्पन्नाचे.

९. दारिद्र्यरेषा कोण आणि कशी ठरवते?

जगण्याला किमान किती लागते याचा हिशेब दादाभाई नौरोजींनी एकोणिसाव्या शतकातच मांडला होता. परदेशी जाणाऱ्या मजुरांना जहाजावर जो शिधा दिला जाई, त्यावरून त्यांनी १८६७-६८ च्या भावांनी माणशी वर्षाला १६ ते ३५ रुपये, असा प्रांतानुसार अंदाज काढला. इंग्लंडमध्ये सीबोम राउंट्री यांनी १८९९ मध्ये यॉर्क शहराची पाहणी करून अशीच गरजांची यादी केली.

अमेरिकेची अधिकृत रेषा मोली ऑर्शान्स्की या सामाजिक सुरक्षा प्रशासनातील अर्थतज्ज्ञ बाईंच्या १९६३-६४ च्या कामातून आली. १९५५ च्या पाहणीत कुटुंबे उत्पन्नाचा सुमारे एक तृतीयांश भाग अन्नावर खर्च करताना दिसली होती. म्हणून त्यांनी सर्वांत काटकसरीच्या आहाराच्या खर्चाची तिप्पट केली. १९६९ मध्ये ती रेषा सरकारी झाली आणि आजही ती मुख्यतः महागाईप्रमाणे वर सरकवली जाते. दरम्यान घर, प्रवास आणि औषधपाणी यांचा वाटा कितीतरी वाढला, पण ती तिप्पट तशीच राहिली.

युरोपीय संघाने वेगळी वाट धरली. देशातील मध्यक खर्चयोग्य उत्पन्नाच्या ६० टक्क्यांखाली जो आहे, तो दारिद्र्याच्या धोक्यात. ही रेषा समाजाबरोबर वर-खाली होते. जागतिक बँकेची रेषा तशी होत नाही. १९९० मधील दिवसाला एक डॉलर या कल्पनेपासून ती पुढे १.२५, १.९० आणि २.१५ अशी बदलत जून २०२५ मध्ये ३ डॉलरवर आली. हे डॉलर खरेदीशक्तीच्या समतुल्यतेने, म्हणजे देशोदेशीच्या किमतींतील फरक जुळवून, मोजलेले असतात, बँकेत बदलून मिळणारे नव्हेत. शहरालगतच्या वस्त्यांसाठी ही रेषा बहुधा फारच खालची पडते, त्यामुळे ‘अत्यंत दारिद्र्य नाही’ हे विधान तिथे फारसे काही सांगत नाही.

१०. देशभर एकच रेषा असेल, तर महागड्या उपनगरातील माणसावर अन्याय होत नाही का?

होतो. अमेरिकेची अधिकृत रेषा भूगोलाप्रमाणे अजिबात बदलत नाही. ज्या उपनगरात भाडे दुप्पट आहे तिथेही तीच लागू होते. ही उणीव भरून काढण्यासाठी २०११ पासून तिथे एक पूरक मापही प्रसिद्ध होते, ज्यात घरखर्चातील स्थानिक फरक, कर आणि वस्तुरूप मदत हे सर्व धरले जाते. ब्रिटनमध्ये अल्प उत्पन्नाचे आकडे घरखर्च वजा करण्यापूर्वीचे आणि वजा केल्यानंतरचे असे दोन्ही देतात. लंडनचे प्रमाण दुसऱ्या पद्धतीने बरेच वर जाते.

उपनगराच्या बाबतीत भाड्याबरोबर प्रवासखर्चही मोजायला हवा, असे माझे ठाम मत आहे. शहरापासून जसजसे लांब जावे तसतसे घर स्वस्त होत जाते, म्हणून लोक लांब जातात. आणि भाड्यात वाचलेले पैसे पास, इंधन, वाहनाचे हप्ते आणि रस्त्यावरच्या खाण्यात जातात. उत्पन्नाच्या ३० टक्क्यांपर्यंत घरखर्च परवडणारा, हा प्रचलित आडाखा या दुसऱ्या निम्म्या खर्चाकडे पाहतच नाही. अमेरिकेतील एका संस्थेने, सेंटर फॉर नेबरहूड टेक्नॉलॉजीने, घर आणि प्रवास मिळून ४५ टक्के ही मर्यादा सुचवली आहे. ती लावून पाहिली की नकाशावरची बरीच ‘परवडणारी’ उपनगरे परवडेनाशी होतात.

भारतात राज्यागणिक आणि ग्रामीण-शहरी अशा वेगवेगळ्या रेषा काढल्या गेल्या, त्यातून एक निराळीच अडचण उभी राहते. दारिद्र्य कसे मोजावे हे ठरवण्यासाठी नेमलेल्या तेंडुलकर समितीच्या पद्धतीने २०११-१२ साठी अखिल भारतीय रेषा माणशी महिना ग्रामीण भागात ८१६ रुपये आणि शहरी भागात १,००० रुपये होती. शहराच्या वेशीवरच्या वस्तीत माणशी ९०० रुपये खर्च करणारे घर ती वस्ती गाव धरली तर रेषेच्या वर, आणि शहर धरली तर रेषेच्या खाली. त्या घरातली भाकरी मात्र तेवढीच राहते.

११. दोन घरांत माणसे कमी-जास्त असतील तर उत्पन्नाची तुलना कशी करतात?

नुसत्या दरडोई भागाकाराने नाही, कारण चौघांना चार स्वयंपाकघरे लागत नाहीत. प्रचलित पद्धतीत पहिल्या प्रौढाला १, १४ वर्षे किंवा त्याहून मोठ्या प्रत्येक इतर व्यक्तीला ०.५ आणि त्याहून लहान मुलाला ०.३ असे वजन देतात. आई-वडील आणि दोन लहान मुले यांचे वजन २.१ होते. या घराचे उत्पन्न ६० हजार असेल, तर समतुल्य उत्पन्न सुमारे २८.६ हजार, म्हणजे ३० हजार मिळवणाऱ्या एकट्या माणसाच्या जवळपास. दरडोई हिशेबाने हेच घर १५ हजारांवर, निम्म्यावर दिसले असते.

१२. घरात नोकरी असूनही माणसे गरीब कशी?

कारण रोजगार व्यक्तीचा मोजतात आणि दारिद्र्य घराचे. एका मिळकतीवर पाच माणसे असतील, काम महिन्यातले बाराच दिवस मिळत असेल, किंवा एक तासाच्या व्याख्येने (प्रश्न २) माणूस रोजगारात मोडत असेल, तर बेरोजगारी शून्य आणि दारिद्र्य भरपूर असे दोन्ही एकाच वेळी घडते. उपनगरांत राखणदारी, घरकाम, बांधकाम, माल पोहोचवण्याची कामे यांत ही स्थिती नेहमीची आहे. जिथे बेरोजगारभत्ता नाही तिथे तर गरिबाला बेरोजगार राहणे परवडतच नाही. काम शोधत बसण्याची चैन सुशिक्षित आणि घरून आधार असलेल्या तरुणालाच जमते.

१३. गरिबी तर शहराच्या जुन्या मध्यवस्तीत असते; उपनगरे सुखवस्तू असतात ना?

ही समजूत मुख्यतः दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकी उपनगरांवरून आली, आणि तिथेही ती आता लागू पडत नाही. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेच्या मोठ्या महानगरांमध्ये उपनगरांतील गरिबांची संख्या मुख्य शहरांतील गरिबांपेक्षा जास्त झाली. पॅरिसभोवती तर चित्र आधीपासूनच उलटे आहे : शहराला लागून असलेला सेन-सँ-दनी हा विभाग मुख्यभूमी फ्रान्समधील सर्वाधिक दारिद्र्यदराचा विभाग आहे.

कारणे अनेक आहेत. मध्यशहरातील भाडी वाढल्याने लोक बाहेर ढकलले जातात, पन्नास वर्षांपूर्वी बांधलेली घरे जुनी होऊन स्वस्त होतात, आणि नव्याने येणारे स्थलांतरित आता थेट उपनगरातच उतरतात. येथे एक खबरदारी घ्यावी : गरिबांची संख्या आणि गरिबांचे प्रमाण या दोन गोष्टी आहेत. उपनगरांत गरीब संख्येने जास्त असूनही, लोकसंख्याच मोठी असल्याने, टक्केवारी शहरापेक्षा कमी असू शकते, आणि अमेरिकेत ती तशीच आहे. मात्र दवाखाने, सल्लाकेंद्रे आणि अन्नसाहाय्य अजून शहरातच असते, त्यामुळे विखुरलेल्या गरिबाला मदतीपर्यंत पोहोचण्यासाठीही गाडीभाडे खर्चावे लागते.

१४. गेल्या वर्षी आमचा दारिद्र्यदर १२ टक्के होता, यंदा १५ आहे. परिस्थिती बिघडली का?

नमुना किती घरांचा होता ते आधी पाहावे. १०० घरांच्या नमुन्यात १२ गरीब आढळली, तर खरा दर ९० टक्के विश्वासपातळीने साधारण ७ ते १७ टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असू शकतो. १५ हा आकडा त्यातच बसतो. अमेरिकेच्या वार्षिक समुदाय सर्वेक्षणात ६५,००० पेक्षा कमी लोकसंख्येच्या गावांसाठी एका वर्षाचे सविस्तर आकडे देत नाहीत. सलग पाच वर्षांची माहिती एकत्र करून देतात. असे दोन पंचवार्षिक आकडे ताडून पाहताना त्यांतील वर्षे एकमेकांवर चढलेली नाहीत याची खात्री करावी.

१५. वसतिगृहे, वृद्धाश्रम आणि तुरुंग यांतील माणसे मोजतात का?

लोकसंख्येत मोजतात, दारिद्र्यात सहसा नाही. अमेरिकेत महाविद्यालयीन वसतिगृहांत आणि संस्थांत राहणाऱ्यांना दारिद्र्याच्या हिशेबातून वगळतात. पण तोच विद्यार्थी वसतिगृह सोडून बाहेर खोली घेऊन राहिला की हिशेबात येतो, आणि आई-वडील पैसे पाठवत असले तरी स्वतःचे उत्पन्न नसल्याने बहुधा गरीब ठरतो. विद्यापीठाच्या उपनगरात दारिद्र्यदर अचानक चढा दिसला तर आधी वयोगटाचा तक्ता उघडावा.

१६. स्वतःचे मोठे घर आहे पण उत्पन्न नाही, अशा निवृत्त माणसाला गरीब म्हणायचे का?

उत्पन्नाच्या रेषेने तो गरीब ठरू शकतो. मालमत्तेच्या दृष्टीने नाही. जुन्या उपनगरांत असे लोक बरेच असतात, आणि मालमत्ता कर वाढला की त्यांची अडचण खरी असते, कारण भिंत विकून कर भरता येत नाही. राउंट्री यांनी यॉर्कमध्येच नोंदवले होते की श्रमिकाच्या आयुष्यात बालपण, लहान मुले पदरी असतानाचा काळ आणि म्हातारपण हे तीन काळ ओढगस्तीचे असतात. एका वर्षाचा आकडा माणसाला त्यांपैकी कुठल्या तरी टप्प्यावर गाठतो.

१७. ज्या प्रभागांत स्थलांतरित जास्त, तिथे गरिबी जास्त आहे. म्हणजे स्थलांतरितच गरीब आहेत, असे लिहावे का?

लिहू नये. प्रभागाच्या आकड्यांवरून व्यक्तीबद्दल निष्कर्ष काढण्यातील धोका डब्ल्यू. एस. रॉबिन्सन यांनी १९५० मध्येच दाखवून दिला : अमेरिकेच्या ज्या राज्यांत परदेशात जन्मलेले जास्त होते तिथे साक्षरता जास्त होती, पण व्यक्तिशः पाहिले तर परदेशात जन्मलेल्यांतच निरक्षरता अधिक होती. ते साक्षर राज्यांत जाऊन राहिले होते, एवढेच. तुमच्या प्रभागातही गरीब कदाचित जुने रहिवासी असतील. व्यक्तिगत नोंदी मिळेपर्यंत वाक्य प्रभागापुरतेच ठेवावे.

१८. एका खोलीत दोन भाऊ वेगवेगळी चूल मांडून राहतात. त्यांना एक घर धरायचे की दोन?

भारतीय जनगणनेत एका चुलीवर जेवणारे ते एक घर. तेव्हा ही दोन घरे झाली, दार एकच असले तरी. याचा परिणाम लहान नाही. थोरल्याला नियमित पगार आहे आणि धाकटा हंगामी मजूर आहे असे समजा. चूल एक असेल तर दोघांचा मिळून खर्च सर्व माणसांत वाटला जाईल आणि कदाचित सगळेच रेषेच्या वर राहतील. चुली दोन झाल्या की धाकट्याचे घर एकटेच रेषेखाली जाईल, जरी थोरली जाऊ रोज वाटीभर आमटी पलीकडे सरकवत असली तरी. अमेरिकी पद्धतीत निवास एक तर घर एक, आणि दोघे भाऊ असल्याने कुटुंबही एकच, त्यामुळे तिथे हा फरक उमटणार नाही. कोणी भाऊ नसून पोटभाडेकरू असता, तर तिथेही दारिद्र्याचा हिशेब वेगळा झाला असता. प्रगणकाने म्हणूनच माणसे मोजण्याआधी स्वयंपाक कुठे आणि किती ठिकाणी होतो, हे विचारावे.